मंडळीत शिस्त लावतात ती नक्की कशासाठी?

नगरचा_वाटसरू
सर्वांना सलाम. इथे बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, लहान आहे, नगर जिल्ह्यातल्या एका गावातली, मिशनच्या काळातलं दगडी चर्च, रविवारी साठ-सत्तर माणसं. मंडळीतल्या एका मुलीने मध्यंतरी ऑफिसातल्या हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. त्यानंतरच्या रविवारी सूचनांच्या वेळी सेक्रेटरींनी कागद काढला आणि मुलीचं नाव घेऊन वाचलं की हिला मंडळीच्या शिस्तीखाली ठेवलंय, प्रभुभोजन (उपासनेतला भाकर आणि प्याला घ्यायचा विधी) बंद. त्याच कागदात खाली आईचं नाव, कारण आई लग्नाला गेली होती. आई तिसऱ्या बाकावर बसलेली. तिने गायनाचं पुस्तक पिशवीत घातलं, चष्मा काढून डबीत ठेवला आणि उपासना संपेपर्यंत तशीच बसून राहिली. त्यानंतर ती आलेली नाही.

त्या कागदात हे किती दिवस चालणार, काय केलं म्हणजे उठणार, यातलं काहीच नव्हतं. कमिटीतल्या एकांना विचारलं तर म्हणाले, बाकीच्या पोरांना वचक बसला पाहिजे. मला कमिटीशी भांडायचं नाहीये, ती सगळी माझीच माणसं आहेत, पण वचक बसवणं हाच शिस्तीचा उद्देश असेल तर बायबलमध्ये तसं कुठे लिहिलंय ते मला दाखवा. आणि नसेल तर मग उद्देश काय, ते नीट समजून घ्यायचंय.

खडकीकर
सलाम दादा. आईचं वाचून वाईट वाटलं. पण एक गोष्ट आधीच बोलतो म्हणजे धागा भावनेत वाहून जाणार नाही. शिस्त हा काही कमिटीने काढलेला नियम नाही, ती आज्ञा आहे. बायबलमधलं पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, १ करिंथ ५ उघडा. बापाच्या बायकोबरोबर राहणारा माणूस मंडळीत उघड वावरत होता आणि मंडळी त्याबद्दल फुगून बसली होती, पौल स्पष्ट सांगतो की त्याला तुमच्यातून काढा, थोडं खमीर सगळा गोळा फुगवतं. १५६१ च्या बेल्जिक विश्वासांगीकारात, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या जुन्या श्रद्धापत्रकात, खऱ्या मंडळीच्या तीन खुणा दिल्यात, शुद्ध सुवार्ता, संस्कारांचा शुद्ध विधी, आणि तिसरी मंडळीची शिस्त. आज पहिल्या दोन खुणांवर सगळे बोलतात, तिसरीचं नाव काढलं की लोकांना राग येतो. ज्या मंडळीत कोणीही कसंही जगलं तरी चालतं तिथे बाप्तिस्म्याला काय अर्थ उरला?

पाळकाची_लेक
खडकीकर दादा, १ करिंथ ५ वाचलंत तसं २ करिंथ २ पण वाचा ना. तिथे पौल म्हणतो की अशा माणसाला बहुतेकांनी केलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस की दुसरा कोणी यावर पंडितांचे वाद आहेत ते असोत, पण "पुरे झाली" हे म्हणणारा तोच पौल आहे. वाटसरू दादा, तुमच्या कागदात नेमकं हे "पुरे" कधी होणार तेच नाही.

आणि मत्तय १८ तर सगळ्यांना तोंडपाठ असतं पण १५ ते १७ एवढीच वचनं, कमिटीच्या मीटिंगमध्ये तेवढीच वाचतात. अख्खा अध्याय वाचा. १५ च्या लगेच आधी काय आहे? नव्याण्णव मेंढरं सोडून एका हरवलेल्या मेंढरामागे जाणारा माणूस. १७ नंतर थोडं पुढे गेलात की पेत्र विचारतो किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि उत्तर मिळतं साताच्या सत्तर वेळा. ह्या दोघांच्या मधोमध शिस्तीचं शिक्षण ठेवलंय. आणि पहिलीच पायरी काय, तू एकटा जा, तुम्ही दोघंच असताना बोल, ऐकलं तर तुझा भाऊ तुला मिळाला. उद्देश तिथेच लिहून ठेवलाय, भाऊ मिळणं.

माझे बाबा बरीच वर्षं सोलापूर नि धाराशिवकडच्या गावांत पाळक होते. कुणाचं काही कानावर आलं की ते शनिवारी जेवण झाल्यावर एकटेच जायचे, एम-८० गाडी त्या घरापासून लांब, पाराजवळ लावायचे, कारण पाळकाची गाडी रात्री दारात दिसली की सकाळपर्यंत गावभर होतं. जाऊन लगेच विषय काढायचे नाहीत. पीकपाणी, पोरांची शाळा, गुडघेदुखी, आणि निघताना दारात उभं राहून म्हणायचे की अमुक ऐकलं, खरंय का, खोटं असेल तर मला सांग म्हणजे मी लोकांची तोंडं बंद करतो. आई सांगते की निम्म्याहून जास्त गोष्टी तिथेच मिटायच्या, कमिटीला कळायच्यासुद्धा नाहीत. आता तुमच्या त्या मुलीकडे किंवा आईकडे कागद वाचायच्या आधी कोण गेलं होतं हे विचारा दादा.

नगरचा_वाटसरू
ताई, कोणी गेलं नव्हतं. मी आईलाच विचारलं. त्यांना फोनसुद्धा नव्हता आला.

खडकीकर
मग ते चूक आहे, त्यात मी कमिटीची बाजू घेणार नाही. पायऱ्या गाळून थेट सभेत वाचलं तर ती मत्तय १८ ची शिस्तच नाही. आईचं नाव घालणं तर साफ चूक. यहेज्केल १८:२० मध्ये सरळ आहे की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही आणि बाप मुलाच्या. तरीही मी म्हणेन की मुलीचा प्रश्न उरतोच, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका हे वचन काय नुसतं वाचायला आहे का.

पाळकाची_लेक
दादा, लग्न ठरायच्या आधी तिच्याशी ते वचन घेऊन बोलायला हवं होतं, त्यात दुमत नाही. पण आता लग्न झालंय. आता तिने नक्की काय केलं म्हणजे तुम्ही म्हणाल की तिने पश्चात्ताप केला? नवऱ्याला सोडायचं? १ करिंथ ७ मध्ये पौलच सांगतो की विश्वास न ठेवणारा नवरा नांदायला राजी असेल तर बायकोने त्याला सोडू नये. म्हणजे जी अट पुरी करायला शास्त्रच मनाई करतं तीच अट तुम्ही न लिहिता तिच्यावर घातलीत. अशी शिस्त कधीच उठू शकत नाही. माणसाला परत यायला रस्ताच नसेल तर ते परत आणणं कसलं.

वकीलबाई
मी स्वतः चर्चला जाणारी आहे, पण इथे कायद्याचं थोडं सांगते कारण कमिट्यांना ते माहीत नसतं आणि नंतर कोर्टात धावपळ होते.

धर्माच्या कारणावरून कुणाला समाजाबाहेर काढता येतं का हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, दाऊदी बोहरांच्या सय्यदना साहेबांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक असा तो कायदा रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते, त्यांचं म्हणणं असं की बहिष्कृत माणसाचे नागरी हक्कच जातात. तो निकाल आजच्या काळात टिकतो का हे २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवलं गेलं. दुसरीकडे आपल्या महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे, मुख्य रोख जातपंचायतींवर होता पण शब्द सगळ्यांना लागू पडतात. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

व्यवहारात याचा अर्थ असा की प्रभुभोजन कोणाला द्यायचं, संडेस्कूल कोणी शिकवायचं, कमिटीत कोणी बसायचं, हे मंडळीने आपल्या घटनेप्रमाणे ठरवलं तर त्यात कोर्ट सहसा पडत नाही. पण त्यांच्या घरी जाऊ नका, त्यांच्याशी बोलू नका, त्यांच्या घरचं लग्न-मयत करू नका असं कोणी सांगितलं तर ती शिस्त राहत नाही, तो गुन्हा आहे. वाटसरू, तुमच्याकडे असं काही सांगितलंय का?

नगरचा_वाटसरू
कागदात तसं नाही. पण बायकांच्या प्रार्थनासभेची पाळी आईकडे होती ती दुसरीकडे नेली. कोणी सांगितलं ते कळलं नाही.

वकीलबाई
हे असंच सुरू होतं, तोंडी. कमिटीला म्हणावं लेखी स्पष्ट करा की घरी येण्याजाण्यावर, बोलण्यावर काहीही बंदी नाही.

बावखल
वसईहून एक कॅथलिक माणूस मध्येच बोलतोय, चालेल ना. आमच्याकडे पण हा शब्द ऐकला की जुनी माणसं घाबरतात, फादर मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, नाव घेतील म्हणून. पण चर्चच्या कायद्यात बहिष्काराला औषधाची शिक्षा म्हणतात, म्हणजे माणूस हट्ट सोडून परतला की ती उठवायचीच, तशीच ठेवता येत नाही. बिशपांनी शिक्षेला हात घालायच्या आधी बंधुभावाने समज देऊन, ताकीद देऊन आणि पाळकीय काळजीच्या इतर वाटांनी काम होतंय का ते बघायचं असं कलम १३४१ मध्ये आहे. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ९७६, मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कुठलाही धर्मगुरू पापमुक्ती देऊ शकतो, अगदी ज्याला सेवेतून काढलंय असा फादरसुद्धा. हे आजकालचं नाही, ३२५ च्या नायसिया परिषदेत छळाच्या काळात विश्वास सोडलेल्यांना दहा-बारा वर्षांचं प्रायश्चित्त सांगितलं, आधी नुसतं ऐकायला बसायचं, मग गुडघ्यावर, मग प्रार्थनेत सामील पण कम्युनियन (तुमचं प्रभुभोजन) नाही, खूप कडक होतं ते. पण त्याच परिषदेने सांगितलं की मरणासन्न माणसाला शेवटचं कम्युनियन नाकारायचं नाही. आणि त्या कडक नियमातसुद्धा वर्षं मोजून दिली होती, शेवटची पायरी कोणती ते माणसाला पहिल्या दिवशी माहीत होतं.

त्याच्या आधी २५० च्या आसपास रोमन बादशहा डेसियसच्या छळानंतर हाच वाद पेटला होता, नोव्हेशियन म्हणत होता की मूर्तीला धूप घातलेल्यांना मंडळीत पुन्हा घ्यायचंच नाही, आणि कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत होते की घ्यायचं, पण रीतसर पश्चात्ताप करून. चर्चने सिप्रियनचा रस्ता धरला. नोव्हेशियनवाले स्वतःला शुद्ध म्हणवत वेगळे झाले.

खडकीकर
बावखल, माहिती आवडली. मी पण नोव्हेशियनच्या बाजूचा नाही हे नोंदवून ठेवतो. पण सिप्रियनच्या बाजूत "रीतसर" आहे ना, तो आजकाल गळतो. क्षमा म्हणजे काही न विचारता चालू द्यायचं असं झालंय.

अनामिक_वाचक
नाव न देता लिहितेय. वर सगळे शिस्तीने दुखावलेल्यांचं बोलताहेत, मला दुसरं सांगायचंय. माझा नवरा मंडळीत गायनात पुढे, तबला वाजवायचा, सणाला सगळ्यात आधी हजर, आणि घरी मारायचा. मी सासूला सांगितलं, नणंदेला सांगितलं, सगळ्यांचं उत्तर एकच, प्रार्थना कर आणि सहन कर. शेवटी पाळकबाईंना सांगितलं. त्या आणि मंडळीतले दोन वडील, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणारे ज्येष्ठ, घरी आले. नवरा म्हणाला घरातली गोष्ट आहे. तेव्हा त्यातले एक वडील, रिटायर्ड एसटी कंडक्टर, फार कमी बोलणारे, ते म्हणाले की तू रविवारी ज्या हाताने तबला वाजवतोस आणि भाकर घेतोस तोच हात घरी उगारतोस, म्हणून ही आमचीपण गोष्ट आहे. त्याचं प्रभुभोजन थांबवलं, गायनातून काढलं, मला भावाकडे पोचवलं आणि पोलिसात जायचं असेल तर आम्ही बरोबर येतो म्हणाले. पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की हे पाप आहे आणि ते तुझं नाही.

तो सुधारला की नाही ते मी इथे लिहिणार नाही. पण ते मऊ मऊ राहिले असते तर माझं काय झालं असतं. म्हणून कृपा करून असं कोणी म्हणू नका की शिस्त म्हणजे फक्त कठोरपणा.

पाळकाची_लेक
ताई, हे लिहिलंत त्यासाठी मनापासून धन्यवाद. माझ्या पोस्टमध्ये ही बाजू आलीच नव्हती. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिननेही शिस्तीचे तीन हेतू दिलेत, देवाचं नाव बदनाम होऊ नये, चांगल्यांना वाईटाची लागण होऊ नये, आणि चुकलेल्याने लाजून परत यावं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला उभं करणं हा चौथा मी त्यात जोडेन. गलती ६:१ मध्ये "सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा" आहे, त्यात सौम्य पण आहे आणि ताळ्यावर आणणं पण आहे, दोन्ही पाळायचं.

वकीलबाई
अनामिक ताई, तुमच्या मंडळीने पोलिसांचा रस्ता मोकळा ठेवला हे फार बरोबर केलं. सगळ्यांसाठी एक लिहून ठेवते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे आधी एकांतात जाऊन बोलू, मग दोन साक्षीदार नेऊ असं मत्तय १८ लावत बसायचं नाही. मंडळीची शिस्त त्याच्या जागी नाही, त्याच्या बरोबरीने चालेल.

सोलापूर_टू_डॅलस
इथे टेक्सासच्या शेजारी ओक्लाहोमात कॉलिन्सव्हिल म्हणून छोटं गाव आहे, तिथली केस इथल्या बऱ्याच चर्चेसमध्ये अजून शिकवतात. एका घटस्फोटित बाईचे गावातल्या माणसाशी संबंध होते, चर्चच्या वडिलांनी तिला समज दिली, सांगितलं की ऐकलं नाहीस तर सभेत जाहीर करू. तिने लेखी कळवलं की मी सभासदत्व सोडते, जाहीर करू नका. त्यांनी तरी सभेत वाचलं आणि आजूबाजूच्या चर्चेसना पण पत्रं पाठवली. ती कोर्टात गेली, १९८४ मध्ये ज्युरीने तिला ३,९०,००० डॉलर्स द्यायला सांगितले. १९८९ मध्ये ओक्लाहोमाच्या सुप्रीम कोर्टाने रेषा आखून दिली, ती सभासद असताना जे केलं त्याला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण, तिने सोडल्यानंतर जे केलं त्याला नाही. त्या वडिलांनी एकट्याने जा, मग दोघे-तिघे जा, या पायऱ्या पाळल्या होत्या बरं का. म्हणजे नुसत्या पायऱ्या पाळून भागत नाही. बाई निघून गेल्यावर ती पत्रं कोणाला परत आणण्यासाठी होती? मला त्याचं उत्तर अजून कोणी देऊ शकलेलं नाही.

खडकीकर
त्यांचं म्हणणं असं असणार की मंडळीला सांगणं ही तिसरी पायरी आहे, ती सोडता येत नाही. पण शेजारच्या चर्चेसना पत्रं, हे मला पण पटत नाही. २ थेस्सलनी ३:१५ मध्ये त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून समज द्या असं आहे.

आता मी एक विचारतो. आपण सगळे मुलीच्या लग्नाबद्दल बोलतोय. शिस्त नेहमी पोरापोरींवरच का येते? १ तीमथ्य ५ मध्ये वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नका असं आहे ते सगळ्यांना माहीत, त्याच्या लगेच पुढचं वचन, जे पाप करत राहतात त्यांचा सगळ्यांसमोर निषेध करा, ते कोणी वाचत नाही. मिशनच्या जमिनी विकल्या गेल्या, हिशेब नाहीत, आणि सही करणारे पुढच्या बाकावर बसून प्रभुभोजन घेतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलंय. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी ३९० मध्ये खुद्द थिओडोसियस बादशहाला थांबवलं होतं. थेस्सलनीका शहरात त्याच्या हुकुमाने हजारो लोकांची कत्तल झाली होती. अँब्रोजने आधी त्याला खाजगी पत्र लिहिलं, जाहीर तमाशा केला नाही, पण सांगितलं की तू पश्चात्ताप केल्याशिवाय मी तुझ्यासमोर अर्पण करू शकत नाही. बादशहाने राजवस्त्रं उतरवून मंडळीत सगळ्यांसमोर प्रायश्चित्त केलं आणि नाताळच्या सुमारास त्याला परत घेतलं. मला शिस्त अशी हवी आहे, वरून सुरू होणारी.

पाळकाची_लेक
ह्यावर मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात जात पण घाला. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना कळवलं की मंडळीत जातिभेद चालणार नाही, कायमचा सोडा. तंजावर, मद्रासकडच्या बऱ्याच वरच्या जातीच्या ख्रिस्ती लोकांनी त्यावरून चर्च सोडलं, वेगळ्या बाकावर बसायचा नि आधी प्याला घ्यायचा हक्क जातो म्हणून. त्या शिस्तीने एकाच प्याल्यातून पिणाऱ्यांची बाजू घेतली. आपल्या मंडळ्यांत लग्न जुळवताना अजून पूर्वीची जात विचारतात, त्यावर कधी कोणाचं प्रभुभोजन थांबलेलं मी तरी ऐकलं नाही.

बावखल
वसईत पण विचारतात ताई. इथे फादर लोक प्रवचनात बोलतात, घरी कोणी ऐकत नाही.

नगरचा_वाटसरू
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. खडकीकर दादा, तुमच्याशी माझं भांडण होईल असं वाटलं होतं, तुम्हीच जास्त कामाचं बोललात. रविवारी उपासनेनंतर कमिटीची मीटिंग आहे, पाळक साहेबांशी फोनवर बोललो, ते म्हणाले लेखी दे म्हणजे मिनिट्समध्ये येईल. मी असं मांडतोय, बघा काही राहतंय का. एक म्हणजे आईचं नाव मागे घ्यावं आणि जसं सभेत वाचलं तसंच सभेत मागे घेतल्याचं सांगावं. मुलीकडे पाळक साहेब आणि एखाद्या वडीलबाईंनी घरी जावं, सोबत सेक्रेटरी नको. तिच्याकडून काय अपेक्षा आहे ते तिला सांगावं, नवऱ्याला सोड असं कोणी म्हणायचं नाही, आणि कधी फेरविचार होणार त्याची तारीख ठरवावी. प्रार्थनासभेची पाळी आईला परत द्यावी. आणि वकीलबाई म्हणाल्या तसं येण्याजाण्यावर बंदी नाही हे लिहून द्यावं.

खडकीकर
पुढचं पण घाला. इथून पुढे कोणाचंही नाव सभेत वाचायच्या आधी कोण, कधी त्याच्या घरी गेलं ते मिनिट्समध्ये लिहिलेलं असावं, नसेल तर वाचायचं नाही. आणि हे कमिटीच्या सभासदांनाही लागू. मुलीच्या बाबतीत मी अजून म्हणेन की बोलणं झाल्याशिवाय प्रभुभोजन लगेच सुरू करू नये, पण ते बोलणं याच महिन्यात व्हावं.

वकीलबाई
मंडळीची घटना कोणती आहे ते बघा आधी. सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) मंडळी असेल तर शिस्तीची रीत घटनेत दिलेली आहे, पास्टरेट कमिटीला मनाने काही करता येत नाही, आणि मुलीला डायोसिसकडे, म्हणजे बिशपांच्या प्रांताकडे, दाद मागता येते. हे तिला सांगितलं होतं का हेपण विचारा. पत्राची एक प्रत सही-शिक्का घेऊन स्वतःजवळ ठेवा.

नगरचा_वाटसरू
सीएनआयचीच आहे. घटनेची मराठी प्रत पाळक साहेबांकडे आहे म्हणाले, उद्या जाऊन आणतो.

पाळकाची_लेक
आणा. आणि दादा, मीटिंगची वाट बघू नका, आईकडे तुम्ही स्वतः या शनिवारीच जाऊन या. वहिनींना पण घेऊन जा.